रॅन्समवेअर लागलेल्या घरच्या कॉम्प्युटरला आधी फॉरमॅट मारू नका

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा आहे. ते लिहितात: "कित्येक वर्षं गावोगाव फिरून खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी रेकॉर्ड करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली आहेत. सुट्टीत नातू आला होता, त्याने एका गेमचा क्रॅक उतरवून टाकला. रात्री विंडोज अपडेट होतंय असं दिसत होतं. सकाळी बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अनोळखी अक्षरं लागलेली, आणि फोल्डरात इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. मागे जोडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्कही तशीच झाली. गावातला दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. दुसरा एक जण फोनवर म्हणतो, पंचवीस हजारांत सगळं उघडून देतो. भाऊ, मन्हा गाना परत येतीन का?"

गुरुजी, कॉम्प्युटर दुकानात दिला असेल तर आत्ताच फोन करा आणि फॉरमॅट मारू नकोस म्हणून सांगा. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल. तुमच्या गाण्यांपैकी बरीच परत मिळण्याची चांगली आशा आहे. ती आशा घालवणारी गोष्ट एकच, घाईने मारलेला फॉरमॅट. जळगावात माझ्याकडे असे कॉम्प्युटर येतात तेव्हा निम्म्या घरांत नुकसान व्हायरसने कमी आणि नंतरच्या घाईने जास्त केलेलं असतं.

तुम्ही सांगितलेल्या खुणा, म्हणजे चार अक्षरांची शेपटी, रीडमी नावाची टेक्स्ट फाइल, ९८० आणि ४९० डॉलरचे आकडे, खोटी अपडेटची खिडकी आणि आधी टाकलेला क्रॅक, या सगळ्या स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या रॅन्समवेअरकडे, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमकडे, बोट दाखवतात. २०१८ पासून हा फिरतो आहे. मोठ्या कंपन्यांवर हल्ला करणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या पेपरात येतात. हा मात्र घरच्या कॉम्प्युटरवरच पोसलेला आहे, कारण तो येतो क्रॅक, कीजेन आणि ॲक्टिव्हेटरमधून, म्हणजे विकतचा प्रोग्रॅम फुकटात चालवायच्या जुगाडांमधून, आणि या गोष्टी घरीच जास्त टाकल्या जातात. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हमधून येणारा शॉर्टकट व्हायरस वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नका. शॉर्टकट व्हायरस फायली नुसत्या लपवतो. हा त्यांना खरंखुरं कुलूप लावतो.

कुलूप कसं लागतं ते समजलं की पुढचा प्रत्येक सल्ला आपोआप पटेल. प्रोग्रॅम सुरू झाला की तो आधी इंटरनेटवरून त्याच्या सर्व्हरकडे चावी मागतो. चावी मिळाली तर ती फक्त तुमच्या कॉम्प्युटरसाठी बनलेली असते आणि ती उघडणारी दुसरी चावी त्या गुन्हेगारांकडेच राहते. सर्व्हर लागला नाही, तर तो स्वतःच्या पोटात आधीच भरलेली चावी वापरतो, आणि या रॅन्समवेअरच्या त्याच प्रकाराने अशा वेळी पकडलेल्या जगभरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना तीच चावी असते. पहिलीला ऑनलाइन चावी म्हणतात, दुसरीला ऑफलाइन. पुढची अर्धी गोष्ट या फरकावर ठरते.

उरलेली अर्धी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. शेकडो जीबी डेटा पूर्ण बंद करत बसायला या प्रोग्रॅमला वेळ नसतो, तेवढ्यात घरचं कुणी उठून कॉम्प्युटर बंद करेल. म्हणून तो प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी भाग, नेमकं सांगायचं तर १,५३,६०५ बाइट, बंद करतो आणि पुढच्या फाइलकडे जातो. वर्डची दोन पानांची फाइल त्यात पूर्ण जाते. पण पंचवीस मिनिटांच्या गाण्याचं काय? ते बहुतेक सगळं तसंच्या तसं डिस्कवर पडलेलं असतं, फक्त तोंड बंद केलेलं. तुमची गाणी एमपीथ्रीमध्ये १२८ केबीपीएसला असतील, तर एका सेकंदाला १६,००० बाइट लागतात, म्हणजे गेलेला भाग साडेनऊ-दहा सेकंदांचा. डब्ल्यूएव्ही असेल तर सीडीच्या दर्जाला तो एक सेकंदसुद्धा भरत नाही. दुकानदाराने फॉरमॅट मारून वर नवीन विंडोज आणि गाण्या-सिनेमांचा कलेक्शन भरून दिला, तर हा वाचलेला भागही गेला.

आता करायचं काय. वायफायचा राउटर बंद ठेवा किंवा लॅनची वायर काढा. बाहेरची डिस्क, पेन ड्राइव्ह, फोनची केबल, सगळं सोडवा. कुलूप लावायचं काम अजून चालू असेल, म्हणजे डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतोय आणि नवनवीन फायलींची नावं बदलत आहेत असं दिसलं, तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली आहे, तरी कॉम्प्युटर उगाच चालू-बंद करू नका. हा प्रोग्रॅम विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये टाइम ट्रिगर टास्क नावाची नोंद करून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा जागा होतो. तुम्ही नवीन पेन ड्राइव्ह लावून "निदान एवढं तरी कॉपी करून घेऊ" म्हणालात, की तो पेन ड्राइव्हही जातो. दुसऱ्या डिस्कचं असं वाटोळं झालेलं मी फार घरांत बघितलं आहे.

नातवाला रागावू नका, निदान आज तरी नाही. त्याने कोणत्या साइटवरून काय उतरवलं आणि किती वाजता चालवलं, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही आणि ते कळणं फार कामाचं असतं. घाबरलेला पोरगा डाउनलोडचा फोल्डर पुसून टाकतो आणि मग माग लागत नाही.

त्यानंतर डिस्क कॉम्प्युटरमधून काढून घ्या, किंवा माहीतगाराकडून काढून घ्या, आणि दुसऱ्या धड कॉम्प्युटरला जोडून तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, एका नव्या मोठ्या डिस्कवर उतरवून ठेवा. जोडलेल्या डिस्कवरची कोणतीही प्रोग्रॅम फाइल उघडायची नाही, एवढं पथ्य पाळलं की गाण्याच्या किंवा फोटोच्या बंद फायलींपासून त्या कॉम्प्युटरला धोका नसतो. बंद झालेली फाइल आजारी असते, पण संसर्ग पसरवत नाही. इमेज जमत नसेल तर किमान सगळ्या बंद फायली, एक-दोन चिठ्ठ्या आणि सी ड्राइव्हवरचा सिस्टिमआयडी नावाचा फोल्डर कॉपी करा. त्या फोल्डरात पर्सनलआयडी नावाची टेक्स्ट फाइल असते आणि तीत एक लांबलचक ओळ असते. तुमच्यासाठी ती ओळ सोन्यासारखी आहे.

ओळीचा शेवट बघा. शेवटी छोट्या लिपीतला टी आणि त्यापुढे १ असेल, तर कुलूप ऑफलाइन चावीचं आहे. एकाहून जास्त ओळी असतील तर काही फायली एका चावीने आणि काही दुसरीने बंद झाल्या असू शकतात, म्हणून सगळ्या ओळी तपासा. मग धड कॉम्प्युटरवरून नो मोअर रॅन्सम या साइटवर जा. जुलै २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल, कॅस्परस्की आणि इंटेल सिक्युरिटी यांनी मिळून ती सुरू केली. तिथे क्रिप्टो शेरीफ म्हणून सोय आहे. एक-दोन बंद फायली आणि चिठ्ठी दिली की प्रकार ओळखून उघडणारं साधन असेल तर ते सांगितलं जातं. पैसे लागत नाहीत. आधार कार्डाचं स्कॅन तिथे चढवू नका, एखादी बिनमहत्त्वाची फाइल द्या.

या प्रकारासाठी एम्सिसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मोफत डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम, काढला. ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या जुन्या प्रकारांत गुन्हेगारांनी कुलूप कच्चं बनवलं होतं. त्यांच्यासाठी एकच फाइल बंद आणि धड अशा दोन्ही रूपांत दिली की काम होतं, म्हणजे एखादं गाणं तुम्ही कुणाला पूर्वी व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेलं असेल तर ते शोधा. त्यानंतरच्या प्रकारांत ऑफलाइन चावी असेल आणि ती कुणी मिळवलेली असेल, तरच डिक्रिप्टर चालतो. नवीन प्रकार आणि ऑनलाइन चावी असेल तर आज ते कुलूप कुणी उघडू शकत नाही. फाइल साल्सा२० ने बंद होते आणि तिची चावी २०४८ बिटच्या आरएसएने, या दोन्ही कुलूप लावायच्या पक्क्या पद्धती आहेत. ते गणित फोडण्याइतकी ताकद आज कुणाच्याही कॉम्प्युटरमध्ये नाही, पंचवीस हजारवाल्याकडे तर नाहीच.

त्या माणसाबद्दल स्पष्ट बोलतो. "सगळं उघडून देतो" म्हणणाऱ्याकडे दोनच वाटा असतात. एक तर तो तुमचे पैसे घेऊन गायब होतो, किंवा गुन्हेगारांशी बोलून चावी विकत घेतो आणि मधला नफा खातो. ऑनलाइन चावीवर तिसरी वाट कुणालाच नाही. त्याला एवढंच विचारा: "माझी एक फाइल आधी उघडून दाखवा, आणि कशाने उघडली ते सांगा." एक फाइल मोफत उघडून देण्याची तयारी गुन्हेगारांच्या चिठ्ठीतच लिहिलेली असते, त्यामुळे नुसती फाइल उघडून दाखवली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. कशाने उघडली याचं सरळ उत्तर मिळतंय का, ते बघा.

चिठ्ठीतले पैसे भरू नका. ९८० डॉलर म्हणजे ऐंशी हजारांच्या वर, ४९० म्हणजे चाळीस हजारांच्या वर. एवढे पैसे गेल्यावर चावी येईलच याची हमी कुणी देत नाही, आलीच तरी सगळ्या फायली नीट उघडतील याचीही नाही, आणि पैसे देणारं घर म्हणून तुमची नोंद त्यांच्याकडे होते. ७२ तासांची मुदत घाबरवण्यासाठी असते. ती टळल्याने तुमच्या गाण्यांचं आणखी काही बिघडत नाही.

आता गाणी. सगळं काम कॉपीवर करायचं, मूळ फाइलला हात लावायचा नाही. एमपीथ्रीची एक कॉपी घ्या आणि नावाच्या शेवटची चार अक्षरं त्यांच्या आधीच्या टिंबासकट काढा, म्हणजे नाव पुन्हा एमपीथ्रीवर संपेल. व्हीएलसीमध्ये उघडून बघा. एमपीथ्री हे लहान लहान तुकड्यांचं बनलेलं असतं आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचं डोकं असतं, त्यामुळे बिघडलेला भाग ओलांडून प्लेअरला पुढचा धड तुकडा सापडू शकतो. काही वेळा प्लेअर सुरुवातीचा कचरा बघूनच फाइल नाकारतो. तेव्हा एचएक्सडी नावाचा मोफत हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणारा आणि बदलू देणारा प्रोग्रॅम, घ्या, सुरुवातीचे १,५३,६०५ बाइट निवडा, पुसा, आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करा. गाणं दहाव्या सेकंदापासून सुरू होईल. जात्यावर बसलेल्या आजीच्या ओवीचा पहिला शब्द गेलेला असेल, पण पुढची सगळी ओवी तिच्याच आवाजात ऐकू येईल.

डब्ल्यूएव्ही फाइलचं तोंड गेल्यामुळे आवाज कोणत्या मापाचा होता हे प्लेअरला कळत नाही. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात इम्पोर्टखाली रॉ डेटा असा पर्याय आहे. १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ, एक किंवा दोन चॅनेल असं देऊन बघा. सुरुवातीला खरखर येईल आणि लगेच गाणं लागेल. आवाज जाड-संथ किंवा चिरका-घाईचा आला तर माप चुकलं, ४८,००० किंवा चॅनेल बदलून पुन्हा करा. सगळीच खरखर आली तर एक बाइट सरकवून पाहा, त्यासाठी तिथेच स्टार्ट ऑफसेटची जागा आहे. तुम्ही वापरत असलेल्या रेकॉर्डरचं एक नवीन धड रेकॉर्डिंग केलंत तर ही मापं अंदाजाने शोधावी लागणार नाहीत.

फोनने काढलेले व्हिडिओ एमपीफोरमध्ये असतील. त्यांच्यासाठी डिस्कट्यूनाचं मीडिया रिपेअर नावाचं मोफत साधन आहे. त्याला त्याच फोनने, त्याच सेटिंगवर काढलेला एक धड व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. म्हणून जुना फोन भंगारात देऊ नका, बॅटरी फुगली असेल तर बदलून घ्या पण फोन ठेवा. झिप फायलींत एकाहून जास्त गोष्टी भरलेल्या असतील तर सेव्हन-झिपने पहिली सोडून बाकीच्या बऱ्याचदा निघतात. मोठ्या जेपीजी फोटोंचा वरचा पट्टा जातो आणि खालचा भाग त्याच कॅमेऱ्याच्या नमुना फोटोवरून उभा करता येतो, पण ते काम किचकट आहे आणि प्रत्येक फोटोला वेळ लागतो. मोजक्या फोटोंसाठीच करावं.

डिस्क फिरती असेल, म्हणजे एसएसडी नसेल, तर इमेजवर फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम चालवून पुसलेल्या फायली शोधून बघायला हरकत नाही. पूर्वी कधी तुम्ही गाणी कापून-जोडून ठेवली असतील तर त्यांची जुनी रूपं अशी मिळून जातात. एसएसडीमध्ये पुसलेली जागा विंडोज स्वतःच साफ करवून घेतं, तिथे फार आशा धरू नका. विंडोजने स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, हा रॅन्समवेअर पुसून टाकतो. तरी बघायला पाच मिनिटं लागतात, म्हणून बघा.

कुलपाशी झगडण्याआधी घराबाहेर पडलेल्या प्रतीही आठवा, कारण त्या मिळवणं सगळ्यात सोपं असतं आणि माणसं तेच शेवटी करतात. लग्नाचे फोटो फोटोग्राफरकडे असतात. गावातल्या ज्या बायांची गाणी घेतलीत त्यांच्या मुलांना, सुनांना तुम्ही पाठवलेली असणार. गुगल फोटोजमध्ये फोनवरून चढलेलं तसंच राहतं. कॉम्प्युटरवरचा फोल्डर गुगल ड्राइव्हशी जोडलेला असेल तर तिथेही बंद फायली चढल्या असतील, पण ड्राइव्ह फाइलची जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस ठेवतो, म्हणून त्या मुदतीत बघा. कागदपत्रांचं तर दुःखच करू नका. सातबारा महाभूमीच्या पोर्टलवरून डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात.

एवढं करून जे उघडत नाही ते फेकू नका. टेस्लाक्रिप्ट नावाच्या रॅन्समवेअरच्या लोकांनी मे २०१६ मध्ये स्वतःहून मास्टर चावी जाहीर केली आणि ज्यांनी बंद फायली जपल्या होत्या त्यांना त्या फुकटात मिळाल्या. काही टोळ्यांच्या चाव्या पोलिसांच्या कारवाईतून बाहेर आल्या. एका डिस्कवर सगळं ठेवा, वर तारीख आणि पर्सनल आयडी लिहून चिकटवा.

आता तो प्रोग्रॅम काढण्याबद्दल. तुम्हाला अवघड वाटणारा हा भाग खरं तर सगळ्यात सोपा आहे. बऱ्याच अँटिव्हायरसना हा ओळखता येतो. विंडोजच्याच डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅनची सोय आहे, ती कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून विंडोज उठायच्या आधीच तपासणी करते. पण घरच्या कॉम्प्युटरसाठी माझं मत ठाम आहे: इमेज घेऊन झाल्यावर डिस्कवरची सगळी पार्टिशनं काढून नवीन विंडोज टाकायचं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने धड कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह बनवा, दुकानदाराच्या खिशातल्या जुन्या पेन ड्राइव्हमधून नको. हा प्रोग्रॅम होस्ट्स फाइलमध्ये नोंदी घालून मदत करणाऱ्या साइट बंद करतो आणि सोबतीला दुसरे प्रोग्रॅम आणतो. सगळं वेचून काढलं याची खात्री स्कॅनने देता येत नाही. दुकानदाराने सुचवलेला फॉरमॅट चूक नाही, त्याची जागा इथे, शेवटी आहे.

सोबत काय येतं, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात विसरली जाते. या रॅन्समवेअरबरोबर ॲझोरल्ट, विडार यांसारखे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम उतरलेले सापडतात. फायलींना कुलूप लागल्याचं दिसतं, म्हणून माणूस फायलींकडे बघत बसतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले जीमेल, बँक, फेसबुक, पेन्शनच्या पोर्टलचे पासवर्ड त्याआधीच गेलेले असू शकतात. म्हणून आज रात्रीच, फोनवरून किंवा मुलाच्या लॅपटॉपवरून, आधी जीमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. हे साइन आउट महत्त्वाचं आहे, कारण चोरलेल्या कुकीवर, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेवर, पासवर्डशिवायही आत जाता येतं. दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मग बँक, मग बाकीचं. नातवाने त्याच कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडलं असेल तर त्याचंही.

तक्रार १९३० वर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करता येते, आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा आहे. चिठ्ठीची प्रत, आयडी, त्यातले ईमेल पत्ते आणि नातवाने सांगितलेली साइट लिहून द्या. तक्रारीने फायली लगेच उघडणार नाहीत, पण खात्यातून पैसे गेले तर आधीची नोंद कामाला येते. पैसे गेल्याचं कळलं तर मात्र १९३० ला त्याच मिनिटाला फोन करा, त्यात वेळ घालवू नका.

पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं, यात क्रॅक बंद करणं सगळ्यात वर. आपल्याकडे कपाशीच्या हंगामात बिनबिलाचं बियाणं घेतलेल्या शेतकऱ्याला उगवलं नाही तर तक्रार करायला दार नसतं, तसंच क्रॅकचं आहे. त्यातही क्रॅकची साइट तुम्हाला आधीच सांगते की अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने पहारेकरी घरी पाठवता आणि मग दार उघडता. तालुक्याच्या गावांत लग्नपत्रिकांचं डीटीपी, बिलाचे प्रोग्रॅम, ऑफिस, सगळं क्रॅकवर चाललेलं मी रोज बघतो, आणि जुना कॉम्प्युटर विकत घेताना आत काय ॲक्टिव्हेटर टाकलाय हे कुणी विचारत नाही. लिबरऑफिस मोफत आहे, त्यात मराठी युनिकोड चांगलं चालतं. गाणी कापायला ऑडॅसिटी मोफत आहे. मुलांच्या गेमसाठी स्टीमवर कितीतरी खरे मोफत गेम आहेत. नातवाला नुसतं नाही म्हणू नका, हा दुसरा रस्ता दाखवा.

घरात तुमचं ॲडमिनचं खातं वेगळं आणि मुलांचं साधं खातं वेगळं करा. पासवर्ड विचारल्याशिवाय बऱ्याच गोष्टी टाकता येणार नाहीत, निदान तेवढ्या वेळात विचारपूस होते. पण साध्या खात्यातूनही त्या खात्याला दिसणाऱ्या फायली बंद होऊ शकतात, म्हणून गाण्यांचा फोल्डर त्या खात्याला उघडताच येणार नाही असा ठेवा. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन दिसू द्या, म्हणजे फोटोच्या नावाने आलेली ईएक्सई लगेच ओळखू येईल. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आहे, ते सुरू करून गाण्यांचा फोल्डर त्यात घाला. सुरुवातीला ऑडॅसिटीलाही ते अडवेल, तिला परवानगी देऊन टाका. त्रास वाटून बंद करू नका.

विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा, आणि तीही मुदत संपण्याआधी नव्या मशीनचा विचार करा. अपडेटचं महत्त्व १२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दाखवलं. ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, आणि ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांचे कॉम्प्युटर कुणी काही क्लिक न करता गेले. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरीकडून हा कॉम्प्युटर चालवायची सोय, लागत नसेल तर बंद ठेवा. घरी तो बहुधा लागत नाही.

या सगळ्यातून एखादी गोष्ट निसटेलच, म्हणून बॅकअप. तुमच्याकडे बॅकअप होता, गुरुजी, पण तो कायम मागे जोडलेला होता, आणि जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला सी ड्राइव्हइतकीच जवळ असते. दोन डिस्क घ्या, बिल घेऊन. पहिली महिन्यातून एकदा जोडा, नवीन गाणी उतरवा, लगेच काढा. दुसरी मुलीकडे किंवा भावाकडे दुसऱ्या गावी ठेवा आणि येण्या-जाण्यात अदलाबदल करा. जोडण्याआधी कॉम्प्युटरवरच्या दोन-चार फायली उघडून बघा, नावं धड आहेत ना. बिघडलेल्या कॉम्प्युटरला धड डिस्क जोडायची नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर नको, खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. आणि दर वेळी बॅकअपमधली दोन गाणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून ऐका. कॉपी झाल्याचं दिसणं आणि फाइल उघडणं यांत फरक पडलेला मी पाहिला आहे.

तुमच्या गाण्यांसाठी आणखी एक वेगळी विनंती आहे. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, त्या रात्रीची गाणी म्हणणाऱ्या पिढीतल्या किती जणी आता राहिल्या आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जी गाणी परत निघतील त्यांची एक प्रत, त्या बायांच्या घरच्यांची परवानगी घेऊन, एखाद्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागात द्या. तीन ठिकाणी असलेलं गाणं एका कॉम्प्युटरबरोबर जात नाही.

उद्या सकाळी दुकानातून कॉम्प्युटर आणाल तेव्हा डिस्क आतच आहे ना, बदललेली नाही ना, हे उघडून बघून घ्या. पर्सनल आयडीच्या ओळीची शेवटची दोन अक्षरं कोणती आहेत आणि गाणी एमपीथ्री, डब्ल्यूएव्ही की एमपीफोर आहेत, एवढं कळवा. पहिल्या फायलीपासून कसं करायचं ते पुढे सांगतो.